खूण आणि वही : टिटवाळ्यावरून जाणाऱ्या वाघिणीची ओळख

कसारा घाट उतरून आलेली मालगाडी टिटवाळ्याला सहसा थांबत नाही. ती सरळ निघून जाते आणि शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत स्थानकावरचा माणूस बावटा हातात धरून उभा असतो. त्याने नुसते उभे राहायचे नसते, जाणारी गाडी निरखायची असते. एखाद्या चाकाजवळून धूर निघतो आहे का, ॲक्सल बॉक्स तापला आहे का, साखळी लोंबते आहे का, दार उघडे राहिले आहे का, हे सारे काही सेकंदांत पाहायचे असते. काही वावगे दिसले तर लाल बावटा दाखवायचा आणि पुढच्या स्थानकाला कळवायचे. पण कळवायचे ते काय? ‘इंजिनापासून तेविसावी वाघीण, डाव्या अंगाला धूर.’ याहून जास्त त्याला सांगता येत नाही. त्या वाघिणीच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्याच्या, अंगावर क्रमांक रंगवलेला असतो, पण धावत्या गाडीवरचा, कोळशाच्या धुळीने माखलेला तो क्रमांक माणसाच्या डोळ्याला टिपता येत नाही. वाघीण कितवी हे कळते, कोणती हे कळत नाही. पुढच्या यार्डात गाडी तुटली आणि वाघिणी इकडच्या तिकडे झाल्या की ‘तेविसावी’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. ‘कितवी’पासून ‘कोणती’पर्यंतचे हे अंतर तोडायला रेल्वेला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आज ते अंतर तोडण्यासाठी वापरले जाणारे साधन म्हणजे आरएफआयडी, रेडिओलहरींनी पटणारी ओळख. वाघिणीला बसवलेल्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रुळालगतचा वाचक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लहरी सोडतो, त्याच लहरींतून टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक त्या लहरींवरच उमटवून परत धाडते. हिरवा बावटा, रात्र, पाऊस, धूळ यांच्याशी तिला देणेघेणे नाही. तत्त्व जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखण्यासाठी रेडिओ-प्रत्युत्तराची यंत्रे वापरली गेली, आणि परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये सविस्तर मांडली. आज कारखान्यातली अवजारे, ग्रंथालयातली पुस्तके, गोदामातल्या पेट्या, रुग्णालयातली उपकरणे असे काय काय या टॅगने मोजले जाते. या पसाऱ्यामुळे एक समज रूढ झाला आहे की वस्तूचा माग काढणे ही टॅगची करामत आहे. टॅग लावला की वस्तू सापडली. रेल्वेचा इतिहास वेगळे सांगतो. वस्तूचा माग लागतो तो खूण आणि वही यांच्या जोडीने. खूण वस्तूच्या अंगावर असते, वही दुसरीकडे असते, आणि दोघींची गाठ कोणीतरी, कुठेतरी, वेळच्या वेळी घालून द्यावी लागते. आजवर जिथे जिथे माग तुटला तिथे बहुतेक वेळा खूण शाबूत होती. गाठ सुटलेली होती.

याच परिसरातून या जोडीचे दोन्ही सुटे भाग फार पूर्वीपासून दाखवता येतात. कल्याण बंदरातून मुरबाडमार्गे वर चढणारी वाट नाणेघाटातून जुन्नरला जाते. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत: गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्याची गणना होते. लोकसमजुतीतला रांजण खरा धरला तर त्यात पडलेले नाणे कोणत्या व्यापाऱ्याचे, कोणत्या बैलाच्या पाठीवरच्या मालाचे, हे रांजणाला ठाऊक नव्हते. शिलालेखालाही हजार गाईंतली एकही गाय वेगळी ओळखता येत नव्हती. दोन्ही ठिकाणी मोजणी आहे, ओळख नाही. त्या काळाला तेवढे पुरत असे, कारण जकात मोजून घेतली की घाटाचा मालाशी संबंध संपत होता. ओळखीची गरज पडते ती वस्तू आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती जाऊनही आपलीच राहते तेव्हा.

ही अवस्था रेल्वेने आणली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला आला, आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वासिंद हा तुकडा सुरू झाला. टिटवाळा याच तुकड्यावर येते. १८६१ च्या आरंभी गाडी कसाऱ्याला पोहोचली आणि घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ साल उजाडले. तोवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाघीण आपल्याच कंपनीच्या रुळांवर फिरत होती. ती कुठेही गेली तरी घरातच होती. परिस्थिती पालटली ती १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ पडल्यावर. रुळांची रुंदी तिन्ही कंपन्यांची सारखीच, साडेपाच फूट. मग माल उतरवून पुन्हा भरण्यापेक्षा वाघीणच पलीकडे धाडणे शहाणपणाचे होते. पण वाघीण एका कंपनीची, रूळ दुसऱ्या कंपनीचे, माल तिसऱ्याचा. ती पलीकडे किती दिवस राहिली, रिकामी परत आली की भरलेली, मोडून आली तर कोणाच्या हाती मोडली, या प्रत्येक प्रश्नाला पैशाचे उत्तर द्यावे लागत होते. इंग्लंडमधल्या कंपन्यांनी यासाठी १८४२ मध्येच रेल्वे क्लिअरिंग हाऊस उभे केले होते आणि जंक्शनाजंक्शनावर आपली माणसे नेमली होती. त्यांचे काम एकच, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक डब्याचा क्रमांक लिहून घेणे. त्या माणसाला नंबर टेकर म्हणत. भारतातही क्रमांक टिपणारा माणूस यार्डाचा अविभाज्य भाग झाला. पुढे त्याला ट्रेन्स क्लार्क, टीएनसी, असे नाव पडले, आणि वाघिणी अनेक रेल्वेंमध्ये सामायिक वापरल्या जाऊ लागल्या तसे त्याचे काम वाढतच गेले.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. यार्डात गाडी येऊन उभी राहिली की तो हातात वही घेऊन खडीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत निघायचा. रात्र असेल तर दुसऱ्या हातात कंदील. प्रत्येक वाघिणीपाशी थांबून क्रमांक वाचायचा, लिहायचा, सील पाहायचे, पुढे जायचे. आजच्या ५८ उघड्या वाघिणींची रेक, म्हणजे एकत्र जोडलेली अख्खी माळ, सहाशे मीटरहून लांब भरते. प्रत्येक वाघिणीचा क्रमांक ११ अंकी धरला तर एका रेकमागे ६३८ अंक होतात, आणि त्यातला एक जरी चुकला तरी कागदावर वेगळीच वाघीण जन्माला येते. ती चूक पकडण्याची तजवीज क्रमांकाच्या रचनेतच केलेली आहे. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात. उघडी वाघीण १० ते २९, बंद वाघीण ३० ते ३९, टाकी ४० ते ४९. पुढचे दोन मालक रेल्वे सांगतात, मध्य रेल्वेचे ०१. त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंक त्या वाघिणीचे स्वतःचे. अकरावा अंक कशाचाही निदर्शक नाही. आधीच्या दहांवरून ठरलेल्या गणिताने तो निघतो. लिहिताना कुठे ५ चा ६ झाला की गणित जुळत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. वाघिणीच्या अंगावर रंगवलेला हा अकरावा अंक म्हणजे वहीने खुणेच्या पोटात ठेवलेला आपला पहारेकरी. खूण आणि वही एकमेकींसाठी घडवाव्या लागतात हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

या व्यवस्थेचे अपयश मोजायला रेल्वेच्या दाव्यांच्या कचेरीत दोन शब्द रूढ होते. एक ‘मिसिंग’, दुसरा ‘अनकनेक्टेड’. कागदपत्र आले, पण वाघीण आली नाही, ती मिसिंग. वाघीण येऊन उभी आहे, पण तिच्यात कोणाचा माल आहे आणि ती कोणासाठी आली हे सांगणारा कागद नाही, ती अनकनेक्टेड. पहिलीत वही आहे, वस्तू नाही. दुसरीत वस्तू आहे, तिच्या अंगावर क्रमांकही आहे, पण वही नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच, हातात बिल्टी आणि गोदाम रिकामे. आणि पुष्कळदा एका यार्डातली मिसिंग हीच दुसऱ्या यार्डातली अनकनेक्टेड असे. दोन्हीकडच्या वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, एवढेच काय ते कमी होते. वाघीण हरवणे म्हणजे बहुधा तिची नोंद हरवणे, असे मी म्हणतो ते या दोन शब्दांच्या आधारावर.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा सगळा माणसाच्या हाताचा दोष होता आणि खूण यंत्राला वाचता आली असती तर प्रश्नच मिटला असता. या आक्षेपाची परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. तिथल्या रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने १९६७ मध्ये ‘कारट्रॅक’ ही पद्धत स्वीकारली. प्रत्येक डब्याच्या अंगावर रंगीत पट्ट्यांची पाटी लावायची आणि रुळालगतच्या यंत्राने प्रकाश टाकून ती वाचायची. आज किराणा दुकानात दिसणाऱ्या बारकोडची ती थोरली बहीण. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डब्यांना पाट्या लागल्या, आणि दशक संपण्याआधीच ती पद्धत सोडून द्यावी लागली. पाट्यांवर धूळ आणि वंगण चढले, त्या पुसण्याची जबाबदारी कोणाची हे ठरले नव्हते, आणि सुमारे पाचातली एक पाटी वाचली जाईना. पण धूळ हे अर्धेच कारण. अनेक कंपन्यांनी आपल्या डब्यांना पाट्या लावल्या आणि वाचणारी यंत्रे मात्र पुरेशी बसवली नाहीत. वाचलेला क्रमांक साठवून त्याचा उपयोग करील अशी संगणकव्यवस्था बहुतेकांकडे नव्हती. खुणा लाखोंनी होत्या, वही अर्धवट होती. त्याच संघटनेने नव्वदच्या दशकाच्या आरंभी रेडिओ टॅग सक्तीचे केले तेव्हा ते टिकले. धुळीचा प्रश्न लहरींनी सोडवला हे खरेच, पण तोवर प्रत्येक मोठ्या कंपनीकडे संगणकावर चालणारी डब्यांची वहीही आली होती. एकाच उद्योगात, एकाच कामासाठी, तीस वर्षांच्या आत झालेले हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की टॅगला एकट्याला श्रेय देणे अवघड होते.

भारतात हाच क्रम अधिक सावकाश घडला. यार्डातली माणसांची धावपळ कमी केली ती आधी यंत्राने नव्हे, एका धोरणाने. १९८० च्या सुमारास रेल्वेने सुट्या वाघिणी यार्डायार्डात जोडत-तोडत नेण्याऐवजी अख्खी गाडी एकाच ठिकाणाहून भरून एकाच ठिकाणी रिकामी करायला सुरुवात केली. रेक एकसंध राहिली की अधल्यामधल्या यार्डांत क्रमांक टिपण्याची गरजच उरली नाही. मिसिंग आणि अनकनेक्टेड यांची पैदास त्यामुळे जेवढी घटली तेवढी कुठल्याही उपकरणाने घटली नसती. १९८६ मध्ये रेल्वेची संगणकसंस्था ‘क्रिस’ स्थापन झाली आणि तिने उभारलेल्या फॉईस या मालवाहतूक माहितीप्रणालीने देशभराच्या वह्या एका वहीत आणल्या. म्हणजे वही आधी तयार झाली. पण या वहीत क्रमांक भरत होता तो माणूसच, खडीवरून चालत जाऊन टिपलेला. ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वेने जाहीर केले की साडेतीन लाख वाघिणींना डिसेंबर २०२२ पर्यंत आरएफआयडी टॅग लावायचे. तोवर वीस हजारांहून अधिक वाघिणींना ते लागलेही होते. प्रत्येक वाघिणीला दोन टॅग, दोन्ही अंगांना एकेक, म्हणजे वाचक रुळाच्या कोणत्याही बाजूला असला तरी चालेल. टॅगमधला क्रमांक जीएस-१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार, म्हणजे बंदर, कारखाना आणि रेल्वे या तिघांनाही वाचता येईल असा. या शेवटच्या निर्णयाची बातमी फारशी झाली नाही, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा निर्णय तोच. जबलपूर आणि रायचूरच्या सांध्यांवर जो प्रश्न उभा राहिला, एकाची वाघीण दुसऱ्याच्या वहीत कशी लिहायची, त्याचे उत्तर त्यात आहे.

इथे दुसरा, जास्त धारदार आक्षेप उभा राहतो. रेक जर एकसंधच जाते, तर प्रत्येक वाघिणीला वेगळे ओळखण्याची गरज काय? गाडी कुठे आहे हे कळले की तिच्यातल्या सगळ्या वाघिणी कुठे आहेत हे आपोआप कळते. आणि गाडी कुठे आहे हे टिटवाळ्याच्या स्टेशन मास्तरच्या नोंदवहीत पूर्वीपासून मिनिटासकट लिहिले जातच होते. आक्षेप बरोबर आहे, मालापुरता. पण वाघीण माल वाहते तशी ती झिजतेही, आणि झिजतात त्या एकेकट्या वाघिणी, अख्खी रेक एकदम नव्हे. कसारा घाटाचा चढ १:३७ चा आहे. चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि उतरताना ब्रेक सतत आवळलेले असतात. चाके तापतात. ब्रेक सुटला नाही तर चाक घसटत जाते, त्याच्या गोलाईवर सपाट चट्टा पडतो, आणि मग ते चाक प्रत्येक फेरीला रुळावर हातोड्यासारखे आदळते. या आदळण्याचा जोर मोजणारी आणि तापलेले बेअरिंग टिपणारी यंत्रे रुळालगत बसवता येतात, रेल्वेने ती बसवलीही आहेत. पण ती यंत्रेही बावटेवाल्याच्याच अडचणीत होती. अमुक चाक तापले हे त्यांना कळे, ते कोणत्या वाघिणीचे हे त्यांना कळत नसे, कारण तीही चाके इंजिनापासून मोजत होती. टॅगचा वाचक त्यांना जोडला की आघाताचा आकडा वाघिणीच्या नावावर जमा होतो. आज थोडा, महिन्याने आणखी थोडा, तिसऱ्या महिन्यात हद्दीबाहेर, असा एकाच वाघिणीचा चढता आलेख पहिल्यांदाच मांडता येतो आणि चाक तुटण्याआधी ती वाघीण गाडीतून काढता येते. मालाचा हिशोब ठेवण्यासाठी सुरू झालेल्या वहीचा उपयोग इथे अपघात टाळण्यासाठी होतो. टिटवाळा, खडवली, वासिंद या स्थानकांवरून त्याच रुळांवर लोकलही धावतात. त्या फलाटांवर रोज उभ्या राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने या साऱ्या प्रपंचाचे मोल यातच आहे.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधीच आला असेल: मुंबईचे डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या माणसांनी वाढवली, आणि तिच्यात टॅग नाही, संगणक नाही, वही तर मुळीच नाही. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली चार-दोन अक्षरे आणि आकडे असतात. डबा कुठल्या उपनगरातून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, तिथून कोणी न्यायचा, इमारत कोणती, मजला कोणता. गिऱ्हाइकाचे नावदेखील नाही. असे असताना डबा तीन-चार हात बदलून वेळेवर पोहोचतो आणि रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. मग खुणेला वहीची गरज असते हे म्हणणे टिकते का? माझ्या मते टिकते, आणि या उदाहरणाने ते अधिक स्पष्ट होते. डबेवाल्यांची वही त्यांच्या डोक्यात आहे. एका माणसाकडे तीस-चाळीस डबे, तीच घरे, त्याच इमारती, तीच गाडी, रोज, वर्षानुवर्षे. खुणेचा अर्थ त्याला वाचून काढावा लागत नाही, तो पाठ असतो, आणि नवीन आलेला माणूस जुन्याबरोबर फिरून तो शिकतो. ही वही गटाच्या सवयीत आणि एकमेकांच्या शब्दात जपलेली आहे, म्हणूनच ती कागदावर दिसत नाही. तिची अट मात्र कडक आहे. रस्ता रोज तोच पाहिजे आणि माणसे तीच पाहिजेत. वाघिणीला ही अट कधीच पुरी करता येत नाही. आज ती कोळसा घेऊन चंद्रपूरहून निघेल, पुढच्या महिन्यात भलतीकडेच दुसरा माल भरेल, आणि तिला हाताळणारे लोक एकमेकांना जन्मात भेटणार नाहीत. जिथे सवय पोहोचत नाही तिथे वही बाहेर, सर्वांना दिसेल अशी मांडून ठेवावी लागते. डबेवाल्यांना टॅग द्यावेत असे कोणी सुचवले तर ते चुकीचे ठरेल, आणि वाघिणींनी डबेवाल्यांसारखे चालावे असे म्हणणेही तितकेच चुकीचे.

महाराष्ट्रातच आरएफआयडीचा आणखी एक मोठा प्रयोग झाला तो न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात. १ जुलै २०१६ पासून तिथल्या आयात-निर्यातीच्या कंटेनरना टॅग अडकवून लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली, भारत आणि जपान यांच्या भागीदारीतून. कंटेनर बंदराच्या दारातून निघाला, टोलनाक्यावरून गेला, आतल्या गोदामात पोहोचला, अशा नोंदी व्यापाऱ्याला क्रमांक टाकून पाहता येऊ लागल्या. नोंदी कुठे होतात ते पाहावे: दार, नाका, गोदामाचा उंबरा. वाघिणींचे क्रमांकही जंक्शनवरच टिपले जात, आणि रांजणही घाटाच्या तोंडाशीच आहे. ताबा बदलतो तिथे नोंद होते, ही रीत दोन हजार वर्षांत बदललेली नाही. आक्षेप घेणारे इथे म्हणतात की टॅग फक्त टॅगबद्दल बोलतो. पेटीत काय आहे, वाटेत कोणी उघडली का, कोळसा वजनाला भरतो का, हे त्याला कळत नाही, आणि कोणी टॅग काढून दुसऱ्या पेटीला बांधला तर तो तितक्याच खात्रीने खोटे सांगेल. हे पूर्ण खरे आहे. त्यासाठी सील, वजनकाटा आणि सही करणारा माणूस लागतोच. दारावर टॅग वाचला गेला म्हणजे पेटी दारातून गेली. ती कोणी ताब्यात घेतली हे ठरवायला अजून सहीच लागते, आणि ती सही टाळण्यासाठी टॅगचा वापर होऊ लागला तर मिसिंग-अनकनेक्टेडची पीडा नव्या नावाने परत येईल.

शेवटी माणसांचा प्रश्न, दोन्ही अर्थांनी. टिटवाळ्याजवळून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याला टोलनाका आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आणि तोही वाघिणीच्या टॅगच्याच पट्ट्यातला, त्याच तत्त्वाचा. रांजणातल्या नाण्याला नाव नव्हते. फास्टॅगमधल्या प्रत्येक रुपयाला गाडीचा क्रमांक, नाक्याचे नाव आणि वेळ चिकटलेली असते. वाघिणीची वही जितकी भरीव तितकी चांगली, कारण वाघिणीला खासगी आयुष्य नाही. माणसाच्या गाडीची वही मात्र किती दिवस ठेवायची, कोणाला दाखवायची, याला मर्यादा असलीच पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचा खरा कस अशाच वह्यांवर लागायला हवा. आणि दुसरा अर्थ त्या क्रमांक टिपणाऱ्या माणसाचा. खडीवरून रात्रीबेरात्री चालण्याचे काम गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही, ते जोखमीचे होते. पण तो चालत असताना केवळ क्रमांक वाचत नव्हता. सील तुटलेले, दार वाकलेले, ताडपत्री सुटलेली त्याला वाटेत दिसत होती. टॅग त्याची वही भरतो, त्याची नजर भरून काढत नाही. हा तोटा हिशोबात धरून ती नजर दुसऱ्या कोणाकडे तरी रीतसर सोपवली पाहिजे, केवळ यंत्र आले म्हणून ती सोडून देता येणार नाही.

टिटवाळ्याच्या फलाटावर ती नजर अजून आहे. घाट उतरलेली रेक येते, वाघिणींच्या अंगाला बसवलेले टॅग तिच्याबरोबर धडधडत जातात, आणि वाटेत कुठे वाचक असेल तिथे अठ्ठावन्न क्रमांक एका दमात वहीत पडतात. पण लोंबणारी साखळी लहरींना ऐकू येत नाही, अर्धवट उघड्या दारातून सांडणारे धान्य कुठल्या चिपमध्ये नोंदले जात नाही. त्यासाठी बावटा हातात धरलेला माणूस शेवटच्या डब्यापर्यंत नजर हलवत नाही, आणि शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसल्यावर आत जाऊन वेळ लिहितो.